सोडले, पण कोणाच्या हवाली?

रुग्णालयातून माणूस घरी आला की आपल्याकडे त्याला 'सोडले' असे म्हणतात. 'उद्या सोडतील', 'काल संध्याकाळी सोडले', 'अजून सोडलेले नाही' असे आप्तेष्ट एकमेकांस सांगतात, आणि ज्याची बुद्धी शाबूत आहे त्याच्या बाबतीत तो शब्द यथार्थही असतो. कारण रुग्णालयाने हात सोडला तरी असा मनुष्य स्वतःच स्वतःला सावरून धरतो. कोणती गोळी केव्हा घ्यावयाची हे त्याला आठवते, कोठे दुखते हे तो सांगू शकतो, आणि सकाळी डोळे उघडल्यावर आपण कोठे आहोत हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. सूचना ध्यानात ठेवणारी स्मृती, दुखण्याची कैफियत मांडणारी वाणी आणि स्थळकाळाचे भान ही तिन्ही ज्याची क्षीण झाली आहेत, त्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला 'सोडले' असे ऐकताच आपण पहिला प्रश्न विचारावयास हवा तो हा की, कोणाच्या हवाली? सोडणारा हात आणि धरणारा हात यांच्यामध्ये जे अंतर राहते त्या अंतरातच हा रुग्ण पडतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. माझ्या वडिलांना, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, अल्झायमरचा विकार जडून चार वर्षे झाली होती, तेव्हा एका पावसाळी रात्री ते न्हाणीघरात पडले. कॅज्युअल्टीत कपाळाला टाके पडले, पाच औषधे लिहिलेला एक कागद आमच्या हाती आला, आणि रात्री दोनच्या सुमारास, भेदरलेल्या अण्णांना रिक्षात बसवून आम्ही घरी परतलो. त्या कागदावर रक्तदाबाची एक गोळी होती, आणि घरच्या औषधांच्या डब्यात दुसऱ्या नावाने तीच गोळी होती. नावे भिन्न, वेष्टनांचे रंग भिन्न, औषध मात्र एकच. डबा आणि कागद यांचा मेळ घालणे ज्यांचे काम होते त्यांनी तो घातला नाही, आणि आम्हालाही विचारण्याचे सुचले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना अण्णांना घेरी आली, ते पुन्हा पडले, आणि या वेळी खुब्याचे हाड मोडले. त्या दुसऱ्या खेपेस शस्त्रक्रियेनंतर त्यांना घरी आणताना आम्ही जे शिकलो, आणि पुढे जाणत्या डॉक्टरांकडून व परिचारिकांकडून जे समजून घेतले, ते सारे पुढे क्रमाने मांडले आहे. ते वैद्यकीय सल्ल्याची जागा घेण्यासाठी नव्हे. डॉक्टरांना नेमके काय विचारावे हे वाचकांना आधीच ठाऊक असावे, एवढ्याचसाठी.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. भारतात साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लक्ष माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीचे अनुमान आहे. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक आढळले. तथापि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द आपल्या भाषेत इतके मुरले आहेत की, १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने ज्या मेंदूविकाराचे प्रथम वर्णन केले तो विकार आपल्या घरात आहे, हे कबूल करण्यासच अनेक कुटुंबांना वर्षे लागतात. परिणामी रुग्णालयाच्या केसपेपरवर मधुमेह लिहिला जातो, रक्तदाब लिहिला जातो, आणि ज्या एका गोष्टीने पुढील साऱ्या उपचाराची रीत बदलावी तीच नेमकी लिहावयाची राहते.

पूर्वस्थितीची जबानी

म्हणून कॅज्युअल्टीत पाऊल ठेवताच डॉक्टरांस पहिले वाक्य सांगावे ते हे, की यांना स्मृतिभ्रंश आहे. आणि लगोलग दुसरे, की आज यांची जी अवस्था दिसते ती त्यांची नेहमीची अवस्था नव्हे. हे दुसरे वाक्य घरच्या माणसाखेरीज जगात कोणीही सांगू शकत नाही. काल परवापर्यंत हा मनुष्य स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जात होता की नाही, हाताने जेवत होता की भरवावे लागत होते, मुलांची नावे सांगत होता की नाही, रात्री झोपत होता की येरझारा घालीत होता, ही पूर्वस्थिती डॉक्टरांना माहीत नसेल, तर समोरचा सारा गोंधळ ते स्मृतिभ्रंशाच्याच खाती मांडतील, आणि त्या गोंधळाच्या मुळाशी असलेले नवे दुखणे तसेच राहील.

कारण स्मृतिभ्रंश हा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जाणारा विकार आहे. तो एका रात्रीत दुप्पट होत नाही. एका दिवसात किंवा दोन दिवसांत माणूस एकाएकी अधिक भ्रमिष्ट झाला, घटकेत शुद्धीवर आणि घटकेत भलतेच बरळू लागला, तर त्या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि आपले जुने लोक 'वात झाला' म्हणत. मूत्रमार्गाचा वा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची किंवा सोडियमची घट, तुंबलेली लघवी, कित्येक दिवसांचा मलावरोध, सांगता न आलेली वेदना किंवा एखादे नवे औषध, यांपैकी काहीही त्याच्या बुडाशी असू शकते. यातील फसवा प्रकार तो की ज्यात रुग्ण आरडाओरडा न करता उलट निपचित पडून राहतो. रात्र रात्र छळणारा माणूस शांत झाला म्हणून घरची मंडळी सुस्कारा टाकतात, आणि तो मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत खालावत असतो. आकस्मिक शांतता ही आकस्मिक आरडाओरड्याइतकीच गंभीर मानावी.

हा भ्रम निवळण्यास काही दिवस, आणि कित्येकदा आठवडेही लागतात. त्यामुळे तो पूर्ण ओसरेपर्यंत रुग्णालयातच राहावे असा आग्रह धरता येत नाही आणि धरूही नये, कारण अपरिचित खोली, रात्रभर जळणारे दिवे आणि सलाईनच्या नळ्या यांनी तो भ्रम पुष्कळदा वाढतो. मात्र निघण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे हाती असावीत. भ्रमाचे कारण सापडले आहे काय, आणि त्यावर उपचार सुरू झाला आहे काय? आपल्यासमोर उठून उभे राहून रुग्ण पूर्वीइतकी चार पावले टाकतो काय? लघवी मोकळी होऊन पोटात थोडे अन्नपाणी जाते काय, आणि लघवीची नळी घातली असेल तर ती काढण्याजोगी झाली आहे काय? आणि आज रात्री घरी जागे राहणारे माणूस कोण? यांपैकी एखाद्याही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसेल, तर ते डॉक्टरांपुढे विनयाने पण स्पष्टपणे मांडावे, आणि आणखी एक दिवस ठेवून घेण्याविषयी किंवा घरी काय तजवीज करावी याविषयी त्यांची मसलत घ्यावी. संतापाच्या भरात डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत 'डामा' घेऊन, निघणे हे या रुग्णाच्या बाबतीत विशेष धोक्याचे असते, कारण त्या सहीने पुढील सूचनांचा धागाच तुटतो.

कागदाची खातरजमा

डिस्चार्ज कार्ड हा रुग्णाच्या वतीने आपण स्वीकारलेला दस्तऐवज आहे, आणि कोणताही दस्तऐवज वाचल्याशिवाय स्वीकारू नये. घरातील औषधांचा डबा, त्यातील अर्धवट वापरलेल्या पट्ट्यांसह, रुग्णालयात न्यावा, आणि सिस्टरांसमोर किंवा डॉक्टरांसमोर तो उघडून तीन याद्या करून घ्याव्यात: जुन्यापैकी चालू ठेवावयाची औषधे, बंद करावयाची औषधे, आणि नव्याने सुरू झालेली औषधे. आपल्याकडे एकच औषध अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात. म्हणून वेष्टनावरील ठळक नाव न पाहता त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव ताडून पाहावे, आणि ते न जमल्यास ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून ताडून घ्यावे. बंद केलेल्या गोळ्या त्याच दिवशी डब्यातून बाहेर काढाव्यात. आमच्या घरी एवढे एक काम झाले असते तर अण्णांचा खुबा शाबूत राहिला असता.

काही औषधांविषयी मुद्दाम प्रश्न विचारावा. झोपेच्या व चिंताशामक गोळ्या, सर्दी-खोकल्याच्या व खाज थांबवणाऱ्या औषधांतील झापड आणणारी जुन्या पिढीची द्रव्ये, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या आणि काही तीव्र वेदनाशामके यांनी वृद्धांचा भ्रम वाढतो, तोल जातो, बद्धकोष्ठ होते. आक्रमक झालेल्या रुग्णाला शांत करण्यासाठी दिलेल्या मनोविकारावरील औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००५ सालीच दिला आहे. आणि लेवी बॉडी नावाच्या प्रकारात तर हॅलोपेरिडॉलसारखे औषध शरीर ताठरून टाकण्याइतके घातक ठरू शकते. तेव्हा असे औषध लिहिले असेल तर ते कशासाठी, किती दिवसांसाठी आणि ते बंद कोण करणार, हे विचारून लिहून घ्यावे. परंतु भीतीने आपल्या मनाने एकाएकी थांबवूही नये. मधुमेही रुग्णाचे जेवण आजारपणात निम्म्यावर आलेले असते. अशा वेळी इन्सुलिनचे किंवा साखरेच्या गोळ्यांचे जुनेच प्रमाण चालू राहिले तर साखर धोकादायक रीतीने उतरते, आणि तो उतार पुन्हा भ्रमाचेच रूप घेऊन येतो. 'जेवले नाहीत तर काय करावे?' हा प्रश्न म्हणूनच अवश्य विचारावा.

डॉक्टरांनी सांगून झाल्यावर, 'मला जे समजले ते मी आपल्याला म्हणून दाखवतो, चुकले तर सांगावे,' असे म्हणून साऱ्या सूचना आपल्या शब्दांत त्यांना परत ऐकवाव्यात. यात संकोच कसला? पंतोजींसमोर पाढे म्हणून दाखवण्यासारखीच ही उजळणी आहे, आणि तिच्यात जी चूक सापडेल ती घरी सापडण्यापेक्षा शतपटीने बरी. कोणत्या तपासण्यांचे निकाल अद्याप यावयाचे आहेत तेही विचारावे; लघवीच्या कल्चरचा अहवाल येण्यास दोन-तीन दिवस लागतात, तोपर्यंत रुग्ण घरी पोचलेला असतो, आणि मग तो अहवाल कोणी आणावयाचा हे ठरलेले नसल्यामुळे तो तसाच पडून राहतो. फेरतपासणीची तारीख, रात्री-अपरात्री विचारावयाचा दूरध्वनी क्रमांक, आणि कोणत्या लक्षणांवर ताबडतोब परत यावे याची यादी, ही तिन्ही कार्डावर लिहून घ्यावीत. वैद्यकीय दप्तराची प्रत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ती मिळावयास हवी.

उजेडात घरी

या विकारातील रुग्णाला दिवेलागणीची वेळ सर्वांत अवघड जाते. ज्या वेळेला आपण कातरवेळ म्हणतो, ती त्यांच्या बाबतीत अक्षरशः कातरतेची वेळ असते. सावल्या लांबतात, ओळखीच्या वस्तू अनोळखी दिसू लागतात, आणि थकलेला मेंदू भयाने भरून जातो. म्हणून शक्यतो दुपारच्या आत घरी पोचावे. सकाळच्या फेरीत डॉक्टर 'आज सोडतो' म्हणतात, परंतु बिल आणि विमा कंपनीची मंजुरी यांत संध्याकाळ होते, हा सर्वांचा अनुभव आहे. तेव्हा आदल्या दिवशीच हिशेबखात्यात एक जण पाठवून कागद पुढे सरकवून ठेवावेत, आणि तरीही अंधार पडणार असे दिसले, किंवा आमच्याप्रमाणे अपरात्री निघण्याचा प्रसंग आला, तर उजाडेपर्यंत थांबता येईल काय हे निःसंकोच विचारावे. पैशांची घाई आणि वाहनाची धावपळ ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे रुग्ण देऊ नये. रुग्णापाशी बसणारे माणूस निराळे असावे, आणि त्याने त्या दिवशी दुसरे कोणतेही काम करू नये.

निघताना चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र ही तीन रत्ने मोजून घ्यावीत. उशीखाली, चादरीत किंवा जेवणाच्या ताटात ती हटकून राहतात, आणि ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, त्याचा भ्रम निवळावा कसा? घरचे कपडे आणि अंगावरची सवयीची गोधडी आधीच मागवून ठेवावी. मोटारीत पुढे एक, मागे रुग्णाशेजारी एक अशी दोन माणसे असावीत, आणि रुग्णाच्या बाजूचे दार आतून उघडणार नाही याची खात्री करावी. वाटेत एकदाच सर्व काही समजावून सांगण्यापेक्षा, 'अण्णा, आपण घरी चाललो आहोत, मी तुमच्याबरोबर आहे,' हे एकच लहान वाक्य पुन्हा पुन्हा, त्याच स्वरात सांगावे.

घराची तजवीज

घर म्हणजे कोणते घर, याचा निर्णय येथे आधी व्हावयास हवा. आईवडिलांनी दोन महिने थोरल्याकडे आणि दोन महिने धाकट्याकडे राहावे, अशी वाटणी आपल्या पुष्कळ कुटुंबांत असते; आणि गावाकडच्या आजारी माणसाला पुण्यामुंबईच्या रुग्णालयात आणले की पुढे 'इथेच आमच्याकडे राहू द्या' असा आग्रहही प्रेमानेच होतो. परंतु ज्याला नवी जागा मनात नोंदवून ठेवता येत नाही, त्याच्या बाबतीत जागा बदलणे ही शिक्षा ठरते. आजारापूर्वी तो जेथे राहत होता तेथेच, त्याच खोलीत, त्याच बाजूला उशी करून, निदान पहिले काही आठवडे त्याला राहू द्यावे, आणि वाटणीचा पाळीबदल बिनदिक्कत पुढे ढकलावा. गावाकडे नेणे अशक्यच असेल तर तेथील त्याची खाट, पांघरूण, तांब्या-भांडे आणि देवाची तसबीर तरी आणून ठेवावी.

खोलीतील सतरंज्या, सरकणारी पायपुसणी आणि पायात येणाऱ्या विजेच्या तारा उचलाव्यात. उंबरठ्याला उठून दिसेल असा रंग द्यावा. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवावा, आणि त्या दाराला आतून लागणारी कडी काढून टाकावी, कारण आत अडकलेल्या माणसाला कडी उघडावयाची कशी हे आठवेलच असे नाही. ज्याला उकिडवे बसणे जमत नाही त्याच्यासाठी कमोडची खुर्ची आणावी, परंतु ती प्रथमच पाहणाऱ्याला तिचा उपयोग दाखवावा लागेल हे विसरू नये. रात्री गॅसचा सिलिंडर रेग्युलेटरपासूनच बंद करावा, देव्हाऱ्यातील समई-निरांजन कोणी जवळ असल्याशिवाय तेवत ठेवू नये, आणि औषधे व फिनेल कुलपात असावीत. बाहेरच्या दाराला किणकिणणारी घंटा बांधावी. सदऱ्याच्या खिशात नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी शिवून टाकावी. आणि सोसायटीच्या वॉचमनला, नाक्यावरच्या वाण्याला, रिक्षाच्या थांब्यावर एकदा सांगून ठेवावे की, हे एकटे दिसले तर कृपा करून गोडीने थांबवा आणि आम्हाला कळवा.

समाचाराला येणाऱ्यांना पहिला आठवडा यावयाचे नाही अशी नम्र ताकीद द्यावी. येतील त्यांनी खाटेशी वाकून 'मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण!' अशी परीक्षा घेऊ नये. त्या प्रश्नाने स्मृती परत येत नाही. आपण नापास झालो एवढेच त्या बिचाऱ्या जिवाला कळते. 'मी तुमचा भाचा, साताऱ्याहून आलो,' असे आधीच सांगून टाकणे यात खरा आदर आहे.

पहिले तीन दिवस

घरी आल्यानंतरचे पहिले तीन दिवस हे रुग्णालयाचाच पुढचा भाग मानावेत, आणि एक नोंदवही घालावी. तीत सकाळ-संध्याकाळ एवढेच लिहावे: किती जेवले, किती पाणी पोटात गेले, लघवी व शौच केव्हा झाले, किती झोपले, किती चालले, नेहमीपेक्षा अधिक गुंगीत किंवा अधिक अस्वस्थ दिसले काय, आणि वेगळे असे काय घडले. दिवसा एक आणि रात्री दुसरा अशा पाळ्या लागतात तेथे, किंवा ब्यूरोमार्फत मावशी ठेवलेली असते तेथे, ही वही म्हणजेच ताबा देण्याघेण्याचे दप्तर होय.

पाणी मागण्याचे भान या रुग्णाला नसते, म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर तास-दोन तासांनी चार घोट, कधी ताक, कधी पेज, कधी नाचणीची आंबील असे आपण होऊन द्यावे. भरवताना ताठ बसवावे, घास लहान असावा, एक गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. पातळ पदार्थ पिताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असल्याची ती खूण समजून डॉक्टरांना कळवावे. वेदना शब्दांनी सांगितली जात नाही, तेव्हा ती चेहऱ्यावर, कण्हण्यात, एखादा अवयव झाकून धरण्यात, अंग पुसू न देण्यात शोधावी. 'त्रास देतात' असे ज्याविषयी आपण म्हणतो त्यातला बराच भाग 'दुखते' याचे भाषांतर असतो. खाटेवरून उठताना आधी काही क्षण पाय सोडून बसवावे, मग उभे करावे. मात्र पडतील या भीतीने दिवसभर झोपवून ठेवू नये, आणि हात बांधणे तर सर्वथा वर्ज्य; न वापरलेले पाय वृद्धापकाळी चालणे फार लवकर विसरतात.

काही लक्षणांवर थांबू नये. हाक मारूनही जाग न येणे, श्वास लागणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, ताप चढणे, सहा-आठ तास लघवी न होणे, अन्नपाणी सर्वस्वी नाकारणे, पुन्हा पडणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब डॉक्टरांशी बोलावे, आणि गरज भासल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. डोक्याला मार लागलेल्या वृद्धाच्या बाबतीत, विशेषतः तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर, मेंदूच्या आवरणाखाली सावकाश रक्त साठून त्याची लक्षणे कित्येक दिवसांनी, आठवड्यांनीही दिसू शकतात. म्हणून उलटी, वाढती झोप, डोकेदुखी किंवा चालताना नव्याने तोल जाणे यांची नोंद महिना-दीड महिना तरी ठेवावी.

'मला घरी ने'

आणि मग, सारे यथास्थित झाल्यावर, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर बसून तो माणूस म्हणतो, 'मला घरी ने.' ज्यांनी जिवाचे रान करून त्याला घरी आणले त्यांच्या काळजात या वाक्याने चर्र होते. अण्णा रोज तिन्हीसांजेला हेच म्हणत, आणि पुढे 'आई वाट पाहत असेल' असेही म्हणत. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. पहिल्या दिवशी आम्ही 'अहो, हेच आपले घर' असे नाना परींनी पटवू पाहिले, आणि प्रत्येक पुराव्यासरशी ते अधिकच घाबरे झाले; कारण 'हेच तुमचे घर' या उत्तराचा त्यांच्या लेखी अर्थ एवढाच होता की, ही अनोळखी माणसे आपल्याला जाऊ देत नाहीत.

पुढे ध्यानात आले की 'घर' हा शब्द ते पत्ता म्हणून वापरीत नव्हते. जेथे सारे ओळखीचे होते, जेथे कशाचे भय नव्हते, ते राजापूरचे पडवी-माजघराचे घर त्यांना हवे होते, म्हणजेच निर्भयता हवी होती. दुसऱ्या दिवशी आमच्या ताईने वाद घातला नाही. ती शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला, आणि म्हणाली, 'अण्णा, तिकडची विहीर कोणत्या बाजूला हो?' विहिरीवरून रहाट निघाला, रहाटावरून फणसाचे झाड निघाले, आणि अर्ध्या तासात श्वास संथ झाला. वाचकांना माझे सांगणे असे की, या मागणीचे खंडन करू नये आणि खोटी कबुलीही देऊ नये. तिच्यामागील भय ओळखावे. त्यापूर्वी लघवी लागली आहे काय, भूक लागली आहे काय, दुखते आहे काय, हे पाहावे. कारण पुष्कळदा 'घरी ने' याचा अर्थ इतकाच साधा असतो. आणि अंधारण्याच्या अर्धा तास आधी खोलीत भरपूर उजेड करावा, दूरदर्शन बंद ठेवावे, आणि त्या वेळेला घरातील एक ओळखीचे माणूस रोज जवळ असेल असा शिरस्ता ठेवावा.

सांभाळणाऱ्याचा सांभाळ

शेवटी ज्याच्या हवाली हा रुग्ण केला जातो, त्या व्यक्तीविषयी. आपल्या घरांत ती बहुधा पत्नी, सून किंवा लेक असते, आणि हे काम तिला कोणी सोपवलेले नसते. ते तिच्याकडे येऊन पडते. डिस्चार्जच्या दिवशीच भावंडांनी एकत्र बसून रात्रीच्या पाळ्या, खर्च आणि फेरतपासणीला कोण नेणार, याची वाटणी तोंडी न ठेवता कागदावर करावी. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलानेही केवळ विचारपूस न करता एखादे निश्चित काम अंगावर घ्यावे: औषधांची मागणी, विम्याचे कागद, किंवा रोज संध्याकाळी ठरल्या वेळी वडिलांशी दोन शब्द. जी रात्रभर जागते तिला दिवसा सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे. थकलेल्या हातून औषध चुकते, आणि थकलेल्या तोंडून शब्द जातो.

बाहेरचा आधारही घ्यावा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्य-सेवा आहे. सांभाळणाऱ्याच्या मनावर ताण असह्य झाला तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोलता येते. आणि केरळमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या, अल्झायमरच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करणाऱ्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेच्या शाखा देशात अनेक ठिकाणी आहेत. पुन्हा असा प्रसंग ओढवेल हे गृहीत धरून एक कागद लिहून दाराजवळ टांगून ठेवावा: रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारल्यास तो वळतो, कोणती बोली त्याला समजते, पूर्वस्थिती काय, औषधे कोणती, कोणत्या औषधाचा त्रास होतो, कशाने तो घाबरतो आणि कशाने शांत होतो. पुढच्या खेपेस कॅज्युअल्टीत जो पहिला डॉक्टर भेटेल त्याच्या हाती हा कागद द्यावा. रुग्णालय जसे रुग्णाला आपल्या हवाली करते, तसे आपणही त्याला रीतसर रुग्णालयाच्या हवाली करावे.

अण्णांना दुसऱ्या खेपेस आम्ही सकाळी अकरा वाजता घरी आणले. चार संध्याकाळी ते राजापूरला निघाले आणि, पहिली सोडून, ताईबरोबर विहिरीपर्यंत जाऊन परत आले. पाचव्या संध्याकाळी, खोली उजळून ताई जवळ बसली असता, त्यांनी देवघराकडे पाहिले आणि माझ्या आईला, पूर्वी रोज विचारीत त्याच स्वरात विचारले, 'दिवा लावलास का?' त्या रात्री नोंदवहीत जेवण, पाणी, लघवी, झोप या नेहमीच्या ओळींखाली ताईच्या अक्षरात एक ओळ आहे: 'आज घरी ने म्हणाले नाहीत. दिवा लावला का, असे विचारले.'